लोहारणीचा घण

गडाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक लोहारीण राहत होती. लोहार काय, गावोगावी असतात! पण इथे तापलेलं लोखंड सांडशीत धरायचा नवरा आणि घण घालायची ती. तिच्या घणाचा आवाज पार गडावर जायचा. गावकरी पाहुण्यांना ऐटीत सांगायचे, "ऐकलंत? ही आमची लोहारीण!"

राजाने गडाच्या दरवाजाचा नवा अडसर याच घराकडे करायला दिला. गावाची छाती फुगली. पण त्याच सुमारास लोहारीण थकू लागली. रात्रभर झोपूनही सकाळी अंग जड, चार पायऱ्या चढल्या की धाप. एके दिवशी घण हातातून निसटला आणि नवऱ्याचा पाय थोडक्यात वाचला.

"दृष्ट लागली," म्हणत शेजारणीने मीठमोहऱ्या ओवाळल्या. "कौतुकाने लाडावलीय," सासू म्हणाली. लोहारीण तर स्वतःवर त्याहून चिडलेली. आळस झटकायचा म्हणून ती दुप्पट राबू लागली आणि आणखीच खचली.

शेजारच्या गावचा एक दांडगा गडी घण घालायला तयार होता. त्याला बोलावलं असतं तर अडसर वेळेवर झाला असता. पण लोहाराने राजाला निरोप पाठवला, "घण घालणारी आजारी आहे. ती बरी झाली की अडसर होईल." मग तो म्हाताऱ्या सुईणीकडे गेला. "मावशी, माझी बायको आळशी नाही. तिला काय होतंय ते बघा."

सुईणीने घरी येऊन सगळं विचारलं. झोप लागते का? ताप येतो का? मनाला कसला घोर आहे का? कानाशी लागून काही बायकी प्रश्नही विचारले. मग डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतून पांढरीफटक!

"सगळ्यांच्या मागून जेवतेस ना? ताटात काय उरतं?"

"भाकरी असते की."

"आणि भाजी?"

"ती माझ्यापर्यंत कुठली उरायला!"

सुईणीने वर पाहिलं. आढ्याला लोखंडी कढया टांगलेल्या आणि चुलीवर मात्र मडकं. विकायचा माल आपल्या चुलीवर चढवायचा नाही, अशी त्या घरची रीतच होती.

"अगं बायांनो," सुईण म्हणाली, "अख्ख्या मुलखाला लोखंड पुरवता आणि हिच्याच अंगात लोह नाही! पालेभाजी लोखंडी कढईत शिजवा, वर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागेल."

सासूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने स्वतः आढ्याची सगळ्यात मोठी कढई उतरवली, माठाची भाजी केली, वर लिंबू पिळलं आणि सुनेला पहिल्या पंगतीला बसवलं. "आधी तू जेव. मी मागून जेवीन."

काही महिने गेले. राजाने वाट पाहिली. मग एका सकाळी तो ओळखीचा आवाज गडावर पोचला आणि अडसर तिच्याच हातून घडला. त्या दिवशी पाणवठ्यावर सासू हंडा खाली ठेवून मोठ्याने म्हणाली, "ऐकलंत? ती माझी सून!"

तात्पर्य: न सरणाऱ्या थकव्याला आळस म्हणून हिणवू नये. त्याची कारणं अनेक असतात. ती मायेने विचारावीत आणि शोध आपल्याच घरापासून सुरू करावा.