परखडाईच्या गुळणीचा वसा

ही कहाणी माझी थोरली आत्या पाटावर बसून वाचायची. मधले शब्द तिचे की मीच घातलेले, मला खात्रीनं सांगवत नाही. चुकलं असेल तर वाचणारीनं सुधारून वाचावं.

ऐका परखडाई, तुमची कहाणी. एक होतं आटपाट नगर, त्याच्या वेशीला कुंभारवाडा. तिथं येसू कुंभारीण राही. तिनं बिनधुराची चूल घडवली. लाकूड सरकेल एवढंच ठेवून पुढचं तोंड बुजवलं, मागं धुराडं काढलं. कुंभारवाड्याची रीत अशी, की विकायची चूल घरी पेटवायची नाही, उष्टी होते. येसूनं रीत पाळली.

मग ती भांडवल मागायला विसोबा शेटकडं गेली. चूल ठेवली. "रांधून बघा, मग सांगा." काही दिवसांनी शेट म्हणाला, "वा येसू! नगरात अशी चूल नाही. कळवतो." येसू हरखली, घरी येऊन चुली भाजायला आवा लावला. मग मल्लाप्पा शेटकडं गेली. चूल ठेवली. तो म्हणाला, "वा येसू! सोन्याचे हात गं तुझे. कळवतो." येसूनं दुसरा आवा लावला. मग गोदूशेठाणीकडं गेली. चूल ठेवली. ती म्हणाली, "छान आहे हो. कळवते." येसूनं तिसरा आवा लावला.

कोणी कळवलं नाही. चुली दारात रचल्या, गिऱ्हाईक फिरकलं नाही. सासू म्हणाली, "सगळे वा म्हणतात, मग आपलं दार का अडलंय गं? आता घरचं चाक विकायचं. येत्या बाजारी."

येसू वेशीबाहेर जाऊन रडली. तिथं एक म्हातारी भेटली. तीच परखडाई. "बाई बाई, का रडतेस?" "आजी, सगळे चांगलं म्हणतात आणि कोणी घेत नाही." म्हातारी संतापली. "गोड बोलून बुडवतात मेले! मिठाची गुळणी धरून बसलेत. तू पाण्याची धर. भांडवल मागू नको, दोष माग. 'माझं कुठं चुकलं' विचारावं, तोंडात पाणी घ्यावं, समोरचा बोलेतो उलटून बोलू नये. निघताना उपकार मानावे." "आणि मला राग आला तर?" "येईलच. मध्येच गिळशील, थुंकशील." "नाही गिळणार, नाही थुंकणार."

मग येसू विसोबा शेटकडं गेली. विचारलं, गुळणी धरली. शेट हसला, "दाढ दुखते काय? अगं, चूल उत्तमच आहे." मग मल्लाप्पाकडं गेली. आतून निरोप आला, शेट पूजेला बसलेत. मग शेठाणीकडं गेली. विचारलं, गुळणी धरली. शेठाणीनं तिच्याकडं पाहिलं. "बोलू? रागावशील हो." येसूनं मानेनंच 'बोला' म्हटलं.

"भाकरी निखाऱ्यापुढं उभी कुठं करू गं? तोंड बुजवलंस. धूर गेला, भाकरीही गेली. माझी सून तुझ्या नावानं बोटं मोडते. स्वतः एकदा तरी रांधलंस का हिच्यावर?"

येसूच्या कानशिलांत आग झाली. गाल थरथरले. पाणी सांडलं नाही. मग ती बाहेर गेली, चूळ टाकली, परत येऊन म्हणाली, "उपकार झाले."

घरी आली, ओल्या मातीच्या नव्या चुलीला पुढं तोंड कापलं, धुराडं उंच केलं. भाजली, घरातच पेटवली. सासू ओरडली, "अगं, उष्टी होईल!" "होऊ दे." सासूनं भाकरी थापली, निखाऱ्याला लावली. टम्म फुगली. धूर डोळ्याला आला नाही. तसल्या चुली खपल्या, चाक घरी राहिलं, शेठाणीनं भांडवल घातलं.

मग विसोबा शेट पेढे घेऊन आला. येसूनं विचारलं, "शेटजी, भाकरीचं तुम्हाला कळलं नव्हतं?" "कळलं होतं की. पण एवढ्या हौसेनं आली होतीस, मन मोडवेना." येसू कडाडली, "माझं मन राखलंत आणि तीन आवे जाळलेत! एक शब्द बोलला असता तर जीभ झिजली असती का? न्या ते पेढे." शेट खाली मान घालून गेला.

येसूला जशी परखडाई भेटली, तशी तुम्हांआम्हां भेटो. खरं बोलणारं माणूस दारी येवो, आणि ते ऐकायचं बळ अंगी राहो. साठ गोड उत्तरांची कहाणी एका खऱ्या उत्तरी सुफळ संपूर्ण.

शेट असं तोंडावर कबूल करील, हे मला कहाणीपुरतंच वाटे. पुढं बऱ्याच वर्षांनी नव्या धंद्यांत पैसा घालणाऱ्या एका गृहस्थांना मी भीतभीत विचारलं, असं खरंच होतं का. ते म्हणाले, "दोष बहुतेकदा पहिल्याच भेटीत दिसतो. सांगत नाही आम्ही."