चंद्रीचा परवचा

एका वृद्ध आचार्यांचा एक शिष्य होता. अध्ययन पूर्ण झाल्यावर त्याने शेजारच्या गावात स्वतःची पाठशाळा काढली आणि थोड्याच काळात तिचा नावलौकिक झाला. तिथला परवचा ऐकायला तर लोक मुद्दाम येत. तिन्हीसांजेला दिवा लागला की मुले ओळीने बसत आणि श्लोक, पाढे, पुन्हा श्लोक असे सारे एका सुरात म्हणत. शिष्य समोर बसून मान डोलावी आणि त्या ठेक्यावर मुलांचे ओठ चालत. ऐकणारे तृप्त होऊन डोळे मिटून घेत.

त्या गावात एक बाई होती. तिची मुलगी चंद्री जन्मली तीच काळीनिळी. उशिरा बसली, उशिरा चालली आणि बोलणे तर इतके लांबले की नातेवाइकांनी तिचा नाद सोडला. आईने सोडला नाही. एके दिवशी ती मुलीचे बोट धरून पाठशाळेत आली.

"गुरुजी, हिला भूक लागली तर 'दे' म्हणता येतं. नको असलं तर 'नको' म्हणते. आणखी चार शब्द आले तर बघा. मी काय हिला जन्माला पुरणार आहे? माझ्यामागं हिचं हिला मागता आलं पाहिजे."

"हे शब्द तिला कसे आले?" शिष्याने कौतुकाने विचारले.

बाई ओशाळली. "हातात भाकरी धरून बसायची मी. ती 'दे' म्हणेपर्यंत द्यायची नाही. पोर रडायची, हातपाय आपटायची. शेजारणी मला कैदाशीण म्हणायच्या. पण पुष्कळ दिवसांनी एकदा म्हणाली."

शिष्याच्या अंगावर काटा आला. "हे आजपासून बंद करा," तो म्हणाला. "लेकराला घासासाठी रडवायचे हा कसला अभ्यास? आणि तिला वेगळे शिकवून वेगळी कशाला ठरवता? ती सर्वांमध्ये बसेल. सर्वांचा पाठ तोच तिचा पाठ. माझ्या पाठशाळेत भेद नाही."

बाईच्या डोळ्यांना पाणी आले. तिच्या मुलीला 'ये, बैस' म्हणणारा हा पहिलाच माणूस होता. तिने घरी जाऊन भाकरी हातात धरणे सोडले. खरे सांगायचे तर तिलाही सुटल्यासारखे वाटले.

चंद्री सर्वांमध्ये बसू लागली. परवच्याच्या वेळी तिचेही ओठ हलू लागले. गावात बोलबाला झाला. आलेले पाहुणे तिच्याकडे बोट दाखवून "धन्य आहे हो गुरुजींची" म्हणत आणि प्रसादाचा शिरा खाऊन घरी जात. त्यांच्यातला एकही चंद्रीशी एक शब्द बोलला नव्हता, पण गहिवरून येण्यासाठी तेवढी ओळख लोकांना पुरते.

शिष्याला वाटले, हे आपल्या आचार्यांनी पाहायलाच हवे. त्याने त्यांना आग्रहाने बोलावून आणले आणि समोर उच्चासनावर बसवले. परवचा सुरू झाला. मुलांचा आवाज असा लागला होता की शिष्याचे स्वतःचेच डोळे भरून आले. त्याने अपेक्षेने आचार्यांकडे पाहिले, तर आचार्यांनी दोन्ही कानांत बोटे घातली होती. डोळे मात्र टक्क उघडे होते. शेवटचा श्लोक संपेपर्यंत त्यांनी बोटे काढली नाहीत.

गावकरी एकमेकांकडे पाहू लागले. शिष्याचा चेहरा उतरला. मुले घरी गेल्यावर तो म्हणाला, "गुरुदेव, उच्चारात काही दोष राहिला का? सर्वांसमोर कान झाकून घ्यावेत असे काय ऐकलेत आपण?"

"उच्चार शुद्ध होते," आचार्य म्हणाले. "आरंभी कान उघडे होते तोवर मला तुझी पाठशाळा ऐकू आली. मग म्हटले, आता मुले पाहू. खांबाला टेकून बसलेली ती मुलगी कोण?"

"ती चंद्री! तिच्याचसाठी तर मी आपल्याला बोलावले. ती आता सर्वांबरोबर म्हणते."

"ती काहीही म्हणत नाही. इतरांचे ओठ मिटतात तेव्हा तिचे उघडतात. 'राम' असो वा 'सात' असो, तिचे तोंड एकाच तऱ्हेने हलते आणि डोळे तुझ्या मानेवर असतात. ओठ हलवले की गुरुजी मान डोलावतात आणि कुणी रागावत नाही, एवढे तिला कळले आहे. तिच्यात एवढी बुद्धी होती, वत्सा, आणि ती तू तिला लपायला शिकवण्यात घालवलीस."

शिष्याला हे लागले. "मग काय तिला वेगळी बसवू? मी भेद केला नाही, हा माझा दोष?"

"भेद केला नाहीस हे खरे. पाहिलेही नाहीस. ज्याला घास गिळायला वेळ लागतो त्याच्या पानातही पंगतीच्याच वेगाने वाढत राहिलास आणि पान भरलेले पाहून तो जेवला असे समजलास. तिला बसू दे सर्वांमध्येच. परंतु तिच्यापाशी कुणीतरी थांबावे लागते आणि तुझ्या पाठाला थांबायला जागा नाही. तिच्यासाठी आजवर कुणी थांबले होते का?"

शिष्याला बाईच्या हातातली भाकरी आठवली. त्याला उत्तर ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो चंद्रीच्या घरी गेला. बाई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. त्याने मान खाली घालून सर्व सांगितले. ती रागावेल असे त्याला वाटले होते, पण ती तव्याकडेच पाहत राहिली.

"घरीही नुसते ओठच हलवते आताशा," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुमच्याकडचं काहीतरी पाठ करतेय. मी आपली न मागता ताट वाढून द्यायची. तुम्हीच म्हणाला होतात ना, रडवू नका."

तिने भाकरी उचलून चंद्रीसमोर धरली. मुलीने भाकरीकडे हात केला नाही. तिने शिष्याकडे पाहिले आणि ओठ हलवले. आवाज आला नाही. शिष्याची मान सवयीने हलू लागली होती, ती त्याने कशीबशी आवरली.

"बघितलंत?" बाई म्हणाली. "दोन शब्द होते तिचे. तेही गेले. तुमच्यावर भरवसा ठेवला, गुरुजी."

"मला क्षमा करा. पुन्हा पहिल्यापासून..."

"पहिल्यापासून कोण करणार? तेव्हा माझ्या अंगात पोरीचं रडणं ऐकायचं बळ होतं. मोठ्या मुश्किलीनं ते आणलं होतं. आता नाही उरलं." तिने भाकरी त्याच्या हातात दिली. "तुम्ही धरा. पण ती रडायला लागली की खाली ठेवू नका. तेवढं नसेल जमत तर आत्ताच जा."

ती उठली आणि बाहेर निघून गेली.

शिष्य भाकरी धरून बसला. चंद्रीने पुन्हा ओठ हलवले. त्याची मान हलेना, तेव्हा ती गोंधळली, आणखी जोरजोराने ओठ हलवू लागली आणि मग रडू लागली. भाकरी निवून गेली. त्याचा हात भरून आला. ज्याच्या तोंडून 'धन्य आहे' ऐकू येईल असे तिथे कुणी नव्हते, आणि मूल शब्द म्हणेल याची खात्री तर मुळीच नव्हती. शिकवणे म्हणजे काय, हे त्याला त्या दुपारी समजले. त्याने हात खाली घेतला नाही.