चांदीचं झाकण

आमदार रणनवरेंना वाढदिवसाला कार्यकर्त्यांनी मोबाइलसाठी चांदीचं झाकण घडवून दिलं. फोनचं मूळ प्लॅस्टिकचं झाकण काढून त्यांनी ते मोठ्या हौसेनं बसवलं, आणि फोनची रेंजच गेली. त्यांनी टॉवरच्या इंजिनिअर सुप्रिया बोंगाळेंना दम भरला, "टॉवर दुरुस्त करा, नाहीतर बदलीला तयार राहा!"

बोंगाळेबाईंनी भर उन्हात अख्खा टॉवर तपासून काढला, पण दोष काही सापडेना. हात हलवत त्या बंगल्यावर आल्या. तिथं आमदारांच्या हातातला फोन पाहिला आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "साहेब, या फोनची अँटेना मूळ झाकणातच होती!"

"म्हणजे चूक माझी?" भरल्या बैठकीत आमदार गरजले.

"छे, साहेब, माझीच! इंजिनिअर म्हणवते आणि फोन न बघताच आभाळात दोष शोधत बसले. चांदी झाली की लोकांचे आवाज ऐकू येईनासे होतात, हे अख्खा मतदारसंघ जाणतो. मलाच मेलीला उशिरा कळलं."

बैठक खो खो हसली. आमदारांनी मुकाट्यानं जुनं झाकण बसवलं. तोच फोन वाजला. पलीकडून मतदारसंघातली एक बाई बोलत होती.

"साहेब, लागला बाई एकदाचा फोन! आमच्या नळाला पाणी कधी येणार?"

बोंगाळेबाईंच्या बदलीचं राहूनच गेलं. आमदार पाण्याचं उत्तर शोधत बसले.