विहिरीवरचं बटण

"बटण मी दाबलं, हे दादाला कळलं असेल का?"

हे मी डॉक्टरांना विचारलं, पोलिसांना विचारलं. आईला एकदाच विचारलं.

मग फादर एलायसना विचारलं. ते चर्चमागच्या बंगल्याच्या ओट्यावर वाल सोलत होते.

"मला माहीत नाही," ते म्हणाले आणि पुढची शेंग घेतली.

झालं ते एवढंच. वसईकडे आमची केळीची वाडी आहे. तेव्हा वीज कधी येईल, कधी जाईल, सांगता यायचं नाही. ती आली की असाल तिथून धावायचं, आधी पंपाचं बटण, मग बाकी सगळं. त्या दिवशी रुझारदादा पंपाच्या पाइपात अडकलेला पाला काढायला विहिरीत उतरला होता. घरातला पंखा फिरला आणि मी धावलो. विहिरीत डोकावलो नाही. पंपाची वायर पाण्यात सोलवटलेली होती.

त्याला वर्ष होत आलं होतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, चर्चमध्ये त्याच्या वर्षाची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, होती. मी, बावतीस, कम्युनियनची पवित्र भाकर घेणार नसेन तर तीही घेणार नाही, असं आईनं सांगून टाकलं होतं. वर्षभर मी ती घेतली नव्हती. सगळी रांग वेदीकडे जायची, मी बाकावर बसून राहायचो.

कबुलीला मात्र दर शनिवारी जायचो. पाप तेच. फादर दर वेळी क्षमा द्यायचे आणि प्रायश्चित्त म्हणून तीन वेळा 'नमो मरिये' म्हणायला सांगायचे.

"मागे तुमचे पेरू चोरले तेव्हाही तीनच," मी म्हणालो. "भाऊ मारला तरी तीनच?"

"पेरूंना पाच द्यायला हवे होते. झाड रिकामं केलं होतंस."

मला हसू आलं नाही. मोठी शिक्षा द्या म्हणालो. उपास सांगा, अनवाणी चालायला सांगा, काहीही सांगा. देवानं केली असेल माफी, मी करणार नाही.

फादरांचा हात थांबला.

"देवाच्या वरचा जज्ज तू," ते म्हणाले. "मग ओट्यावर कशाला? खुर्चीत बस."

त्यांनी उठून मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. वालाच्या शेंगांचं सूप माझ्या मांडीवर ठेवलं. त्यांना अठ्ठ्याहत्तरावं चालू होतं, मिस्सेतही वेदीला धरून वाकायचे. खुर्चीच्या दांडीला धरून ते माझ्यासमोर हळूहळू खाली गेले. गुडघ्यांवर.

मी उठायला लागलो. त्यांनी खांदा दाबून मला खाली बसवलं. डोळे मिटले.

"मी बावतीस," ते म्हणाले. "वय एकवीस. वीज आली आणि मी बटण दाबलं. भाऊ खाली होता. मी बघितलं नाही... मला माफी आहे का?"

ओट्यावर एक कोंबडी चढली आणि सांडलेले दाणे टिपू लागली. तिला कोणी हाकललं नाही.

नाही, हेच म्हणायचं होतं. वर्षभर तेच म्हणत आलो होतो. पण समोर ते पिकलेलं डोकं होतं, आणि फरशीवर टेकलेले त्यांचे गुडघे.

"उठा, फादर."

"उत्तर दे."

"त्यानं मुद्दाम नाही केलं."

"ते विचारलं नाही. बघायला हवं होतं, त्यानं बघितलं नाही. चूक त्याचीच. माफी आहे का?"

"आहे," मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं. परत घेता येईना.

मी त्यांना काखेत हात घालून उठवलं. त्यांनी झग्यावरची धूळ झटकली, सूप काढून घेतलं आणि त्यांची खुर्ची रिकामी करायला सांगितली. शनिवार होता, पण त्या दिवशी माझी कबुली त्यांनी घेतली नाही. झाली म्हणाले.

रविवारी दादाचं नाव वाचलं गेलं. आई रांगेत उभी राहिली, तिच्यामागं मी. तिनं मागं वळून बघितलं नाही. तिनं तळहातावर भाकर घेतली, ती बाजूला झाली. मी फादरांसमोर आलो आणि माझे हात पुढं होईनात. मुठी वळलेल्या.

फादर थांबले. मग हळूच, मलाच ऐकू जाईल असं म्हणाले,

"उघड हात. मागं लोक खोळंबलेत."