वैद्याची टेकडी

फार पूर्वी एका मोठ्या नगरामागे एक ठेंगणी टेकडी होती. तिच्यावर ना देऊळ, ना किल्ला. म्हणून नगरातलं कुणी तिकडे फिरकत नसे. एक वैद्य मात्र रोज सकाळी तिथे चालायला जाई.

टेकडीभर कारवीची झुडपं होती. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. त्या साली ती फुलली आणि टेकडी पायथ्यापासून माथ्यापर्यंत निळीजांभळी झाली. वैद्य खुळ्यासारखा बघतच राहिला.

पायथ्याशी कारवीच्या काठ्यांचे कूड, म्हणजे झोपड्यांच्या भिंती, विणून पोट भरणारी एक बाई राहायची.

"का गं बाई, आज तोड नाही?"

"फुलाच्या साली आम्ही कोयता वर नेत नाही, वैद्यबुवा. हे झाड आता मरणार. पुढल्या उन्हाळ्यात बोंडं तडकतील, बी पडेल, तेव्हा कुठे नवी कारवी. तोवर मी लोकांच्या शेतात राबते. तुम्ही बघा डोळे भरून, पण नगरात बोलू नका. माणसं लोटली तर बी उरायचं नाही."

"माझ्या तोंडून अक्षर निघणार नाही."

आठ दिवस निघालं नाही, हे खरं. मग एका संध्याकाळी पारावर एक शेठ दूरदूरच्या डोंगरांच्या फुशारक्या मारत होता. मध्येच म्हणाला, "वैद्यबुवा कसले डोंगर बघतात! त्यांना मुळ्या उकरण्यातून सवड कुठे?"

सगळे हसले. वैद्याला ते हसू झोंबलं. दिलेला शब्द आठवला नाही असं नाही. आठवला, आणि तरी तो बोलला. "अहो, नगराच्या पाठीमागे अख्खी निळी टेकडी आहे. मी शोधलीय!"

दुसऱ्या दिवशी गाड्या जुंपून नगर लोटलं. फुलं केसांत गेली, बैलांच्या शिंगांवर चढली. परतताना प्रत्येकाच्या हातात एकेक फांदी. एका फांदीनं काय होतंय! आणखी माणसं वर निघाली, तशी बाई पायवाटेवर आडवी उभी राहिली.

"टेकडी तुझ्या बापाची का गं?" म्हणत लोक तिला वळसा घालून, कारवी तुडवत वर गेले.

उन्हाळ्यात तडकायला बोंडंच नव्हती. पावसानं उघडी माती धुऊन नेली. बाईनं भांडीकुंडी बांधली.

वैद्य हात जोडून म्हणाला, "चुकलो गं. पण मी एकदाच बोललो."

"एकदाच पुरलं की," म्हणाली आणि चालू लागली.

नगरानं कौतुकानं टेकडीला वैद्याचं नाव दिलं, पायथ्याच्या दगडात कोरलं. सात वर्षांनी दूरचे डोंगर निळे झाले. ही एकटी बोडकी राहिली. वाटसरू विचारायचे, "हिला काय झालं हो?" लोक दगडावरचं नाव दाखवायचे.

तात्पर्य: ज्यावर दुसऱ्याचं पोट आहे, ते आपल्या मोठेपणासाठी उघडं करू नये; क्षमा मागितल्यानं बी रुजत नाही.