जेंबेवरची तिहाई

“पण काका, सम कुठे आहे?”

दिगंबर रेवाळे यांनी तिसऱ्यांदा विचारलं. लान्सानाकाकांनी तिसऱ्यांदा ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि गुडघ्यावरच्या लोखंडी घंटेवर कांब मारत राहिले.

टिंग, टिंग, टिटिंग...

भाटघर धरणाच्या पाण्याकडेला एका आमराईत, पत्र्याच्या शेडखाली, शनिवारी सकाळी हे चाललं होतं. दोन दिवसांचं शिबिर. पश्चिम आफ्रिकेतले आणि तिथून क्युबात गेलेले ठेके वाजवायचे आणि त्यांवर नाचायचं. वीसेक माणसं आली होती. कोणी बँकेतलं, कोणी शाळेतलं, कोणी नुसतंच घरात बसून कंटाळलेलं. तबला विशारद तेवढे दिगंबर एकटे, आणि ते त्यांनी आल्या आल्या सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

लान्साना कमारा मूळचे गिनीचे. पन्नास वर्षांपूर्वी शेतकी शिकायला पुण्यात आले, सासवडच्या निर्मलाबाईंशी लग्न केलं आणि इथलेच झाले. मराठी शिकले ती सासूबाईंकडून. त्यामुळे डोळे मिटून ऐकलं तर सासवडच्या अंजिराच्या बागेतलं कोणी बोलतंय असंच वाटे.

“मोजून बघितलं?” काकांनी अखेर विचारलं.

“बोटांवर मोजलं. बारा मात्रा येतात. पण पहिली कुठली धरायची? घंटेच्या पहिल्या ठोक्यावर सम धरली, तर नाचणाऱ्यांची पावलं भलतीकडेच पडतात.”

“मंग पावलं चुकली म्हनायची?”

“तसंच दिसतंय,” दिगंबर म्हणाले.

काका हसले नाहीत. त्यांनी घंटा उचलून दिगंबरांच्या मांडीवर ठेवली.

“घ्या बुवा. दोन दिवस तुम्ही घंटा.”

चाळीस वर्षं तबल्यावर हात घासलेल्या माणसाला घंटा. आरतीच्या वेळी मध्ये मध्ये करणाऱ्या पोराच्या हातात देतात तशी. दिगंबरांचे कान लाल झाले. समोर शालनताई गायकवाड, साताऱ्याच्या निवृत्त परिचारिका, वय सहासष्ट, कमरेला ओढणी बांधून नाचाचं पाऊल शिकत होत्या. त्यांनी तेवढ्यात मान डोलावून दाद दिली. ती दादही दिगंबरांना टोचली.

दिवसभर त्यांनी घंटा वाजवली. बिनचूक वाजवली आणि मनातून धुसफुसत राहिले.

संध्याकाळी सगळे चहा घेऊन पाण्याच्या कडेला बसले. दिगंबर काकांजवळ सरकले.

“काका, जेंबे कधी देणार?”

जेंबे म्हणजे उभा, वाडग्यासारख्या तोंडाचा मोठा ढोल. दोन्ही हातांनी वाजवायचा. सगळ्यांच्या पुढे तोच.

“कशाला पायजे?”

दिगंबरांनी आधी काहीतरी गोलगोल सांगायला सुरुवात केली. मग त्यांचं त्यांनाच ते बरं वाटेना.

“खरं सांगू? वर्ष झालं, तबल्यात जीवच लागत नाही. हात चालतो. लोक टाळ्याही वाजवतात. पण मला मात्र टायपिंग केल्यासारखं वाटतं. वडील गेल्यापासून हे असं आहे. शेवटी ठरवलं, तबल्याचा जोड शिष्याला देऊन टाकायचा. सोमवारी तो न्यायला येणार आहे. त्याआधी एकदा वेगळं काही वाजवून बघावं म्हटलं... हातात काही उरलंय का ते.”

“वडील वाजवायचे?”

“मृदंग. आमच्याकडे कोकणात गौरीगणपतीला जाखडी असते. वाजवणारा अंगणात मधोमध बसतो आणि नाचणारे पायांत चाळ बांधून त्याच्याभोवती फिरतात.”

“कसं वाजवायचे?”

“साधंच. मान खाली घालून. समोर कोण बसलंय याचं भान नाही. मला त्याची लाज वाटायची. पुण्याला गुरुजींकडे गेलो तेव्हा पहिली गोष्ट शिकलो ती मान वर ठेवायची.” दिगंबर थांबले. “आणि एकदा ते चुकले.”

“कवा?”

“मी नऊ वर्षांचा होतो. पहिल्यांदाच जाखडीत उभा राहिलो. माझा पाय चाळात अडकला, आणि नेमका त्याच वेळी बाबांचा ठेका तुटला. सगळी वाडी हसली. बुधाजी रेवाळ्याचा मृदंग चुकला म्हणून पुढे कितीतरी वर्षं चिडवायचे. घरी जाताना मी म्हटलं, बाबा, तुम्ही चुकलात. ते म्हणाले, व्हय रं, चुकलो. आणि कंदील घेऊन पुढे चालायला लागले.”

हे सांगताना दिगंबरांना त्या कंदिलाच्या काचेवरची काजळीसुद्धा आठवली. अंगणात पिकलेल्या काकडीचा वास असायचा. बाबांच्या बोटांना मृदंगावर लावलेली ओली कणीक चिकटलेली असायची आणि ती वाळली की ते नखानं खरवडत बसायचे. गेल्या वर्षभरात दिगंबरांना बाबांच्या त्या चुकीपेक्षा ती कणीकच जास्त आठवत होती.

काकांनी कप खाली ठेवला.

“आमच्या गावाला भी नदी होती,” ते म्हणाले. “भात लावताना बांधावर ढोल वाजायचा. बाया लावत पुढं सरकायच्या, ढोलवाला भी सरकायचा. आता वाजवनारे सगळे शहरात. निर्मला म्हनायची, तुम्ही झोपेत पाय हालवता... आता ती न्हाई. हालतात का न्हाई, कोन सांगनार?”

दिगंबरांनी काकांचा रिकामा कप उचलून आपल्या कपात ठेवला.

“उद्या जेंबे घ्या,” काका म्हणाले. “जेवन झाल्यावर.”

रविवारी सकाळी क्युबातले ठेके झाले. बोली वेगळी, लाकडी दांड्यांचा आवाज वेगळा, पण खालून तीच चाल वाहत होती. शालनताईंनी विचारलंच, “काका, इतक्या लांब समुद्रापल्याड हे गेलं कसं?”

“मानसं पकडून नेली. ढोल नेऊ दिले न्हाईत.”

“मग?”

“पाय गेले ना. पायांनी तिकडं पुन्हा ढोल करून घेतले.”

शालनताई आपल्या पायांकडे बघत बसल्या. दिगंबरांनी ते ऐकलं, छान म्हटलं आणि दुपारी काय वाजवायचं याची मनात जुळवाजुळव सुरू केली.

जेवणं झाली. सगळ्यांचं रिंगण झालं. काकांनी आपला जेंबे दिगंबरांच्या पुढ्यात ठेवला आणि एकच गोष्ट बजावली.

“ही हाक.” त्यांनी एक छोटा तुकडा वाजवून दाखवला. “मोठ्या ढोलानं असं तोडून वाजवलं की नाचनारा पाऊल बदलतो. तवर न्हाई. तुम्ही बोलवाल तवा त्यो येनार. कळलं?”

“कळलं,” दिगंबर म्हणाले. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

सुरुवात झाली. आणि काय वाजले म्हणून सांगू. दहा मिनिटांत त्यांनी ते कातडं आपलंसं केलं. बँकवाले, शाळावाले तोंडाचा आ करून बघत होते. रिंगणात शालनताई आणि आणखी पाचजणी घामाघूम होऊन नाचत होत्या. दिगंबरांची मान वर गेली, डोळे मिटले, आणि वर्षभरानं त्यांच्या हाताला सुरसुरी आली. मग चाळीस वर्षांची सवय आपणहून पुढे झाली.

त्यांनी तिहाई घेतली.

एकच तुकडा तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्यांदा दणक्यात समेवर यायचं. मैफलीत टाळीची हमखास जागा. दिगंबर समेवर आले, उजवा हात हवेत उचलला आणि टाळीची वाट बघत राहिले.

टाळी आली नाही... काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला.

डोळे उघडले तर शालनताई जमिनीवर बसलेल्या. पहिला तुकडा आला, त्यांनी पाऊल बदललं. दुसरा आला, पुन्हा बदललं. तिसऱ्याला पायात पाय अडकला.

“माझंच चुकलं,” त्या गुडघा चोळत म्हणाल्या. “मला हाक ओळखू नाही आली.”

“हाक नव्हती ती,” दिगंबर घाईघाईनं म्हणाले. “तिहाई होती. तालात होती, काका. मात्रा मोजा हवं तर. एकही इकडची तिकडे नाही.”

“न्हाई,” काका म्हणाले. “एकबी न्हाई.”

“मग?”

“तू तीनदा बोलवलंस. ती तीनदा आली.” काका पहिल्यांदाच अरे-तुरेवर आले होते. “तू कुठं होतास?”

...

शालनताईंना दोघींनी धरून बाकावर नेलं. कोणीतरी लिंबाचं सरबत आणलं. दिगंबर जेंबेपासून उठले, पिशवी खांद्याला लावली आणि शेडच्या मागे, काका हात धूत होते तिथे गेले.

“निघतो मी. उत्तर मिळालं. सोमवारी जोड देऊन टाकतो. माझ्या हातात काही उरलं नाही.”

काकांनी टॉवेलनं हात पुसले. मग ते दिगंबरांच्या समोर खाली बसले, स्वतःच्या घोट्यावरचा वाळलेल्या बियांचा वाळा सोडला आणि दिगंबरांच्या पायात बांधायला लागले.

दिगंबर दचकून मागे सरले. “काका, अहो, पायाला हात नका लावू.”

“गप उभा राहा.”

“तुम्ही वयानं मोठे... गुरू...”

“मंग ऐक ना गुरूचं.”

गाठ मारून झाली. काका जेंबे घेऊन आले आणि आंब्याखाली बसले.

“नाच.”

“मला येत नाही.”

“ठावं हाय.”

चोपन्न वर्षांचे दिगंबर रेवाळे, तबला विशारद, पिशवी खांद्यावर तशीच ठेवून नाचायला लागले. कसं नाचले ते न सांगितलेलं बरं. सरबताचे पेले हातात घेऊन मंडळी शेडच्या कोपऱ्यावर जमली, पण कोणी हसलं नाही. पायातल्या बिया खुळखुळत होत्या. दिगंबर बोटांवर मात्रा मोजत होते आणि प्रत्येक पाऊल जिथे पडायला नको तिथे पाडत होते. काका वाजवत होते, मान खाली घालून. दिगंबरांना त्यांचा चेहरा दिसतच नव्हता, दिसत होता फक्त पांढऱ्या केसांची टाळू.

तशी टाळू त्यांनी लहानपणी पाहिलेली होती.

मग व्हायचं ते झालं. वाळा सैल होऊन खाली घसरला, डावा पाय त्यात अडकला, आणि दिगंबर तोल जाऊन पुढे कलंडले. पुढचा ठोका पडायला हवा होता. मात्रा आली आणि गेली. ठोका पडला नाही. काकांचे दोन्ही तळवे कातड्याच्या वर, हवेत, तसेच राहिले होते. त्यांची नजर दिगंबरांच्या पायावर होती.

दिगंबरांनी कसंबसं पाऊल टेकलं.

धम्म.

पाऊल आणि ठोका एकदम पडले. त्याच्या आधी जी जागा रिकामी गेली होती, ती दिगंबरांनी पंचेचाळीस वर्षांपूर्वी एकदा ऐकली होती. गौरीच्या अंगणात, सगळी वाडी हसायच्या आधी.

ते थांबले. पिशवी खांद्यावरून गळून पडली. तोंडावर हात घेऊन ते तिथेच मातीत बसले आणि सगळ्यांसमोर रडले. वडील गेले त्या दिवशी आलेल्या माणसांची व्यवस्था बघण्यात रडायचं राहून गेलं होतं.

“ते म्हणाले चुकलो,” दिगंबर म्हणाले. “मी विचारलं तर म्हणाले, चुकलो. आणि मी खरं धरलं. आयुष्यभर खरं धरलं.”

आंब्यावरून एक वाळकं पान जेंबेवर पडलं, ते काकांनी बोटानं उडवलं.

“काका... बाबा माझ्या पायासाठी थांबले होते. इतकी वर्षं मी ती रिकामी जागा चूक म्हणून मोजली.”

...

काकांनी वाकून त्यांच्या पायातला वाळा सोडला. जेंबे उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवला. शेडच्या कोपऱ्यावर शालनताई गुडघ्याला पट्टी बांधून उभ्या होत्या. ओढणी त्यांनी पुन्हा कमरेला खोचली होती.

“डोळे पूस,” काका म्हणाले. “त्या कवाच्या थांबल्यात.”