म्हशीचे चकचकीत रेडकू

एका जंगलात, ओढ्याच्या वळणावर, एक म्हैस राहत असे. ती नुकतीच आई झाली होती, त्यामुळे तिला सगळ्याचीच काळजी. रेडकू शिंकले तरी काळजी आणि शिंकले नाही तर त्याचीही काळजी! थोडा निवांतपणा मिळे तो फक्त भर उन्हात. तेव्हा मायलेकरे काठच्या चिखलात लोळत आणि तिची मैत्रीण बगळी पाठीवर बसून माश्या टिपत टिपत गप्पा मारी.

एके दिवशी तिथे एक हरिणी पाणी प्यायला आली. सोबत तिचे पाडस होते. रेडकू आनंदाने त्याच्याशी खेळायला धावले, तशी हरिणीने पाडसाला मागे घेतले. "अगं बाई, हे तुझं का? आहे हो गोड! पण अंगावर चिखल केवढा! आमचं आपलं नाजूक आहे, काही बाधायला नको," असे हसून म्हणत ती निघून गेली. रागावून बोललेले विसरता येते, हसून बोललेले लागते. म्हशीच्या मनात दिवसभर तेच. आपण खरेच गबाळ्या आहोत का? आपल्यामुळे याला कुणी जवळ करणार नाही का?

झाले! दुसऱ्या दिवसापासून चिखल बंद. वेलीवर वाळलेले एक घोसाळे तिने तोंडात धरले आणि त्याच्या खरखरीत जाळीने रेडकाला घासायला घेतले. सकाळी घासले, दुपारी घासले, जरा कुठे धूळ दिसली की पुन्हा घासले. "आई, पुरे ना गं!" रेडकू कळवळे. "थांब रे राजा, पोटाखाली राहिलंय," ती म्हणे. रेडकू असे चकचकीत झाले की वानरेही फांदीवरून वाकून बघू लागली. पण हळूहळू त्याचे अंग कोरडे पडले. उन्हात आग होई, सावलीत खाज सुटे. बाभळीच्या खोडाला अंग घासून घासून ते रक्तबंबाळ झाले आणि जखमांवर माश्या घोंगावू लागल्या. म्हैस घाबरली. आणि घाबरून तिने काय केले? आणखी जोरात घासले.

शेवटी एके दुपारी रेडकू जांभळीखाली बसले ते उठेचना. अंग तापलेले, मान टाकलेली. म्हशीने कास त्याच्या तोंडाशी नेली, पण त्याने दुधाला तोंड लावले नाही. "बगळीताई," ती रडवेली होऊन म्हणाली, "तू एवढी पांढरीशुभ्र, तुझी पिल्लंही तशीच. तू कशानं घासतेस तेवढं सांग. मी याला तस्संच घासते."

"घासते? मी?" बगळी चकित झाली. "अगं, मी पाण्यात डुबकी मारते आणि मग निम्मा वेळ तेल लावत बसते! माझ्या शेपटीच्या मुळाशी तेलाची गाठ आहे. चोचीनं ते घ्यायचं आणि पिसांवर फिरवायचं. तुझ्या लेकराच्या तर कातडीतूनच तेल येतं, मागावंसुद्धा लागत नाही. पण ते आलं रे आलं की तू खरवडून काढतेस. ती बिचारी कातडी कितीदा नव्यानं आणणार?"

"पण चिखल? तो तर घाण ना?"

"तुम्हा म्हशींना घाम येतो थोडका. मग उन्हात गार कसं व्हायचं? चिखल हीच तुमची सावली. त्यातून माश्यांनाही चावता येत नाही."

आपल्याला, मुलांनो, घाम भरपूर येतो, म्हणून आपल्याला चिखलात लोळायची गरज नाही. (लोळलातच, तर निदान घरात यायच्या आधी पाय धुवा.) हा घाम सुकताना अंग गार करतो. त्वचेवरचा तेलाचा पातळसा थर आतला ओलावा आत ठेवतो आणि बरेचसे जंतू बाहेरच अडवतो. म्हणून आंघोळ रोज करावी, पण पाणी कढत नसावे आणि साबण हलक्या हाताने लावावा. अंग खसाखसा घासू नये. थंडीत त्वचा तडतडली तर थोडे खोबरेल चोळावे, उन्हात टोपी घालावी. आणि खपली? ती मुळीच ओढायची नाही, तिच्याखाली नवी त्वचा तयार होत असते. पण आपण रेडकाकडे जाऊ, ते बिचारे अजून तसेच पडले आहे.

म्हैस चिखलापाशी जाऊन उभी राहिली. "आणि पुन्हा माझंच चुकलं तर?"

"तर मी ओरडेन की! मी आहे ना इथं," बगळी म्हणाली. "जखमांवर मात्र चिखल नको. तिथं नुसतं पलीकडच्या झऱ्याचं स्वच्छ पाणी सोड, माश्या मी बघते. बाकीच्या अंगाला लाव."

म्हशीने तोंडात पाणी धरून आणून जखमांवर सोडले आणि नाकावर आणलेला गार चिखल हळुवार पसरला. बगळीने एकही माशी टेकू दिली नाही. ऊन उतरले तेव्हा रेडकाने कान हलवला. मग मान उचलली. मग ते डुलत डुलत उठले आणि ढुशी मारून आईच्या कासेला लागले.

पुढे जखमांवर खपल्या धरल्या, आपोआप गळून पडल्या आणि खाली मऊ, काळीभोर कातडी दिसू लागली. "बगळीताई, तुझे उपकार कसे फेडू?" म्हशीने विचारले. "मला माश्यांची मेजवानी मिळाली की!" बगळी हसली. "पण जखमा मी नाही भरल्या. त्या ज्या कातडीनं भरल्या, तिचे आभार मान."

म्हशीने खाली वाकून रेडकाच्या पाठीला गाल लावला. "बाई गं," ती पुटपुटली, "मी झोपते तेव्हाही तू याच्यासाठी जागी असतेस. मी तुला इतकं ओरबाडलं, तरी तू याला सोडलं नाहीस. फार उपकार झाले तुझे."

"आई, तू कुणाशी बोलतेयस?" रेडकाने विचारले.

"तुझ्या दुसऱ्या आईशी," म्हैस म्हणाली.

तात्पर्य : आपली त्वचा न सांगता, न थकता आपल्याला जपते. तिची निगा घाबरून नव्हे, तर तिचे उपकार स्मरून, हलक्या हाताने राखावी.